एका पॉटचे दोन धनी: सेव्हन-कार्ड स्टड हाय-लो या खेळाची प्रस्तावना

सेव्हन-कार्ड स्टड हाय-लो या पोकरच्या प्रकारात डावावर लागलेली सगळी रक्कम, म्हणजे पॉट, दोन हातांत वाटली जाते. अर्धा भाग सर्वांत वरचढ हाताला जातो आणि अर्धा सर्वांत हलक्या हाताला. हलका हात मात्र आठ किंवा त्याखालच्या पाच वेगवेगळ्या पानांचा असावा लागतो. तसा कोणाचाच नसला तर वरचढ हात सगळा पॉट घेऊन जातो. या अटीवरूनच खेळाला ‘एट ऑर बेटर’ किंवा नुसते ‘स्टड एट’ असेही म्हणतात. नियम तासाभरात शिकता येतात. अवघड आहे ती एकच गोष्ट: पॉट अर्धा-अर्धा वाटला जात असला, तरी अर्ध्यावर डोळा ठेवून खेळणारा दीर्घकाळात हरतो. पहिल्या तीन पानांपासून शेवटच्या पानापर्यंतचे जवळपास सगळे निर्णय या एका विसंगतीतून निघतात.

स्टड हे पोकरचे जुने कूळ. काही पाने उघडी आणि काही झाकलेली वाटायची ही पद्धत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात, यादवी युद्धाच्या (१८६१–६५) सुमारास पसरली. तेव्हा पाच पानांचा स्टड खेळत. सात पानांचा नंतर आला आणि विसाव्या शतकात घरोघरी व जुगारघरांत तोच जास्त खेळला जाऊ लागला. ॲटलांटिक सिटीच्या कॅसिनोंतही पोकर म्हणजे मुख्यतः स्टड असे. २००३ नंतर दूरचित्रवाणी आणि इंटरनेटमुळे टेक्सास होल्डेमची लाट आली आणि स्टडची टेबले कमी झाली. हाय-लो मात्र टिकून राहिला, कारण अनेक खेळ आलटून पालटून खेळण्याच्या मिश्र स्पर्धांत त्याची जागा पक्की होती. ‘हॉर्स’ या मिश्र प्रकारात होल्डेम, ओमाहा हाय-लो, रॅझ, सेव्हन-कार्ड स्टड आणि एट ऑर बेटर असे पाच खेळ येतात, आणि त्यातला शेवटचा तो हाच. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये २००६ साली ५०,००० डॉलर प्रवेशशुल्काची हॉर्स स्पर्धा प्रथम झाली आणि डेव्हिड ‘चिप’ रीझ यांनी ती जिंकली. खेळावरचे लेखनही जुने आहे. डॉयल ब्रन्सन यांच्या ‘सुपर सिस्टम’ या ग्रंथात हाय-लो स्टडवरचा भाग डेव्हिड स्क्लान्स्की यांनी लिहिला, आणि रे झी यांचे हाय-लो खेळांवरचे स्वतंत्र पुस्तक १९९२ मध्ये आले.

खेळाला जोकर काढलेला ५२ पानांचा जोड लागतो. दोन ते आठ जण खेळू शकतात. शेवटपर्यंत टिकणाऱ्या प्रत्येकाला सात पाने मिळतात आणि त्यांतून तो पाच पानांचा हात तयार करतो. वरचढ हाताचा, म्हणजे ‘हाय’चा, क्रम नेहमीच्या पोकरचाच आहे. वरून खाली तो असा: एकाच रंगाची सलग पाच पाने, एकाच किमतीची चार पाने, एकाच किमतीची तीन पाने आणि जोडी मिळून होणारे फुल हाउस, एकाच रंगाची पाच पाने म्हणजे फ्लश, सलग पाच पाने म्हणजे स्ट्रेट, मग एकाच किमतीची तीन पाने, दोन जोड्या, एक जोडी आणि शेवटी नुसते मोठे पान.

तीन पत्ती खेळणाऱ्या मराठी वाचकाची इथे एका ठिकाणी गफलत होते. तीन पत्तीत सिक्वेन्स हा कलरच्या वर असतो. पोकरमध्ये फ्लश स्ट्रेटच्या वर असतो. याचे कारण निव्वळ गणिती आहे. तीन पानांत साधे सिक्वेन्स ७२० प्रकारे येतात आणि कलर १,०९६ प्रकारे, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांत स्ट्रेट १०,२०० प्रकारे येतो आणि फ्लश ५,१०८ प्रकारे, म्हणून तिथे फ्लश दुर्मीळ. जे कमी वेळा येते ते वर, हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे.

हलक्या हाताचे, म्हणजे ‘लो’चे, नियम वेगळे आहेत. लोमध्ये एक्का सर्वांत लहान पान धरतात. पाचही पाने वेगवेगळ्या किमतीची आणि आठ किंवा त्याखालची हवीत. जोडी असेल तर तो लो होत नाही. स्ट्रेट आणि फ्लश लोच्या आड येत नाहीत. त्यामुळे एक्का, दुर्री, तिर्री, चौका, पंजा हा सर्वांत उत्तम लो ठरतो. त्याला ‘व्हील’ म्हणतात, आणि तोच हात हायसाठी स्ट्रेटही असतो. दोन लोंची तुलना सर्वांत मोठ्या पानापासून सुरू करतात. ७-६-५-४-३ हा लो ८-४-३-२-एक्का यापेक्षा चांगला, कारण सात आठपेक्षा लहान आहे. दुसऱ्या हातातल्या एक्क्याचा आणि दुर्रीचा इथे काही उपयोग नाही. मोठे पान सारखे असले तरच पुढचे पाहायचे. किमतींच्या हिशेबाने पात्र लो एकूण ५६ प्रकारचे असतात: पंजापासून सुरू होणारा एक, छक्क्यापासूनचे पाच, सत्त्यापासूनचे पंधरा आणि अठ्ठ्यापासूनचे पस्तीस. म्हणजे पात्र ठरणाऱ्या लोंपैकी निम्म्याहून अधिक ‘आठचे’ असतात आणि तेच सर्वांत कमकुवत.

हाय आणि लो यांसाठी खेळाडू सात पानांतून दोन स्वतंत्र हात निवडतो. दोन्हीकडे तीच पाच पाने चालतात, काही पाने सामाईक असली तरी चालते. ज्याच्याकडे तीन एक्के, दुर्री, चौका, छक्का आणि सत्ता आहे, तो हायसाठी तीन एक्के दाखवतो आणि लोसाठी ७-६-४-२-एक्का. एकाच रंगातले एक्का, दुर्री, चौका, छक्का, सत्ता असतील तर तीच पाच पाने हायकडे फ्लश आणि लोकडे सातचा हात ठरतात. शेवटी आपण हाय मागतो की लो, हे जाहीर करावे लागत नाही. पाने उघडली की ती स्वतःच बोलतात. घरगुती डावांत पूर्वीपासून खेळाडूने आपली बाजू आधी सांगायची पद्धतही आहे. कॅसिनोत ती वापरत नाहीत.

डावाची सुरुवात सगळ्यांनी थोडी-थोडी रक्कम मध्ये टाकून होते. तीन पत्तीत तिला बूट म्हणतात, पोकरमध्ये अँटे. मग प्रत्येकाला दोन झाकलेली पाने आणि एक उघडे पान मिळते. तिसऱ्या पानाची ही फेरी म्हणून तिला थर्ड स्ट्रीट म्हणतात. ज्याचे उघडे पान सर्वांत लहान, त्याला सक्तीने छोटी रक्कम लावावी लागते. तिला ब्रिंग-इन म्हणतात. इथे एक्का मोठा धरतात, त्यामुळे ही सक्ती बहुधा दुर्रीवर किंवा तिर्रीवर येते. दोघांची पाने सारख्याच किमतीची असली तर रंगावरून ठरते: किलवर सर्वांत खाली, मग चौकट, मग बदाम आणि सर्वांत वर इस्पिक. रंगाला एवढ्यापुरतेच महत्त्व आहे; पॉट वाटताना रंग पाहत नाहीत.

ब्रिंग-इननंतर डावीकडून एकेक खेळाडू बोलतो. तो पाने टाकू शकतो, लावलेली रक्कम भरून कॉल करू शकतो किंवा ती पूर्ण चालीपर्यंत वाढवू शकतो. त्यानंतर चौथे, पाचवे आणि सहावे पान उघडे मिळते आणि सातवे झाकलेले. प्रत्येक पानानंतर एक फेरी होते, म्हणजे एकूण पाच फेऱ्या. फोर्थ स्ट्रीटपासून पहिला बोलण्याचा मान ज्याची उघडी पाने सर्वांत वरचढ त्याला मिळतो. आठही जण शेवटपर्यंत राहिले तर ५६ पाने लागतील आणि जोडात ५२ आहेत. असे क्वचित घडते. घडलेच तर सातव्या पानाऐवजी एक पान मध्ये उघडे ठेवतात आणि ते सगळ्यांचे सामाईक धरतात.

खेळ ठरावीक चालींचा आहे. समजा मर्यादा १००-२०० ची आहे. मग थर्ड आणि फोर्थ स्ट्रीटला चाल १०० ची, आणि फिफ्थ, सिक्स्थ व सेव्हन्थ स्ट्रीटला २०० ची. एका फेरीत साधारणपणे एक चाल आणि तीन रेज, म्हणजे चालीवर तीनदा वाढ, यांपलीकडे जाता येत नाही. नुसत्या हायच्या स्टडमध्ये फोर्थ स्ट्रीटला कोणाची उघडी जोडी दिसली तर मोठी चाल लावता येते. हाय-लोमध्ये बहुतेक ठिकाणी ही मुभा नसते. पॉट वाटताना एखादी चिप उरली तर ती हायकडे जाते. लो दोघांचा सारखा निघाला तर त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग होतात.

सगळी नीती एका साध्या हिशेबावर उभी आहे. तिघांनी प्रत्येकी ३०० चिप्स घातल्या तर पॉट ९०० चा होतो. सगळा पॉट नेणाऱ्याला, म्हणजे ‘स्कूप’ करणाऱ्याला, ६०० चा नफा होतो. अर्धा नेणाऱ्याला ४५० मिळतात. त्यातले ३०० त्याचेच असल्याने नफा फक्त १५०. पॉट निम्मा मिळाला आणि नफा चौथा हिस्सा. दोघेच उरले असतील तर अर्धा पॉट म्हणजे आपलेच पैसे परत. वर मिळतो तो फक्त टाकून गेलेल्यांच्या रकमेतला वाटा. चौघे असतील तर तोच नफा ९०० विरुद्ध ३०० होतो. त्यामुळे अर्ध्यासाठी धावणाऱ्या हाताला गर्दी हवी असते, आणि अडचणीत सापडलेल्या हायला ती नको असते.

दुसरा आधार पानांच्या स्वभावात आहे. लहान पानांचा हात वाढत जाऊन मोठा होऊ शकतो: चौका-पंजा-छक्का-सत्ता हा लोच्या वाटेवरही असतो आणि स्ट्रेटच्याही. राजांच्या जोडीला मात्र लोकडे जाण्याचा रस्ता जवळपास नसतोच. म्हणून नुसत्या हायच्या स्टडमध्ये ज्या पानांना मान असतो, त्यांची किंमत इथे उतरते. नऊ, दहा, गुलाम अशी सलग पाने दिसायला सुंदर असतात, पण ती फार तर अर्धा पॉट मिळवून देतात, आणि तोही उशिरा.

सुरुवातीच्या तीन पानांच्या २२,१०० जोडण्या असतात. त्यांत आठ किंवा त्याखालची तीन वेगवेगळ्या किमतीची पाने ३,५८४ वेळा, म्हणजे सुमारे १६ टक्के वेळा येतात. अशा हाताला सातही पाने पाहायला मिळाली तर पात्र लो होण्याची शक्यता सुमारे ४८ टक्के असते. निम्म्यापेक्षा थोडी कमी, आणि तीही फक्त अर्ध्या पॉटसाठी. म्हणून ‘तीन लहान पाने आली’ एवढ्यावर डाव खेळू नये. वेगवेगळ्या रंगांचे दुर्री, सत्ता, अठ्ठा यांतून झाला तरी आठचा कमकुवत लो होतो आणि हायकडे काहीच नसते. चांगल्या सुरुवातीत दोन्हीकडची आशा असते: एक्क्यासह एकाच रंगाची दोन-तीन लहान पाने, सलग लहान पाने, एक्क्यांची जोडी आणि सोबत लहान पान. एक्क्याला या खेळात दुहेरी किंमत आहे. तो लोमध्ये सर्वांत लहान आणि हायमध्ये सर्वांत मोठा. सुरुवातीलाच एकाच किमतीची तीन पाने मिळणे सर्वांत उत्तम, पण ते ४२५ डावांत सरासरी एकदाच घडते.

मोठ्या जोड्यांचा प्रश्न नवख्यांना सर्वांत जास्त सतावतो. राजा किंवा राणीची जोडी खेळावी ती रेज करूनच, म्हणजे लहान पानवाले काही जण सुरुवातीलाच बाहेर पडतात आणि एखाद्याशीच गाठ पडते. समोर उघडा एक्का असून त्याने रेज केली, तर तीच जोडी बहुतेक वेळा टाकावी. त्या एक्क्यामागे दुसरा एक्का असला तर राजा हायमध्ये हरतो, आणि लहान पाने असली तर लो त्याच्याच वाटेवर असतो. नहिला, दहिला आणि गुलाम यांच्या जोड्या तर आणखी दुबळ्या. त्यांना बहुधा हायची खात्री नसते आणि लोची आशाही नसते.

फोर्थ स्ट्रीटला हाताचा कस लागतो. तीन लहान पानांवर चौथे चांगले लहान पान आले तर लो पूर्ण होण्याची शक्यता ४८ वरून सुमारे ७१ टक्क्यांवर जाते. तिथे राजा आला किंवा आधीचेच पान पुन्हा आले तर ती सुमारे ३२ टक्क्यांवर घसरते. पाचवेही पान वाया गेले तर उरते जेमतेम १५ टक्के. ही गणिते इतरांची पाने विचारात न घेता केलेली आहेत; टेबलावर दिसणारी पाने मोजली की ती वरखाली होतात. तरी त्यांचा अर्थ स्पष्ट आहे. चौथे पान वाया गेले आणि समोरच्याचे चांगले आले, तर बाहेर पडण्याची सर्वांत स्वस्त वेळ तीच असते.

फिफ्थ स्ट्रीटला चाल दुप्पट होते. १००-२०० च्या खेळात पहिल्या दोन फेऱ्या रेज न होता पाहायच्या तर २०० लागतात. पुढच्या तीन पाहायच्या तर ६००. म्हणून पाचव्या पानावर आपण शेवटपर्यंत जाणार की नाही, हा निर्णय घ्यायचा असतो. पाच पानांत चार चांगली लहान पाने असतील आणि दोन यायची असतील तर लो पूर्ण होण्याची शक्यता सुमारे ५७ टक्के असते. सहा पानांनंतर एकच उरले तर सुमारे ३५ टक्के. यासोबत हायचीही वाट असेल तर पुढे जावे. नुसत्या कमकुवत लोच्या आशेवर, तेही दोघांतच, पुढे जाण्यात अर्थ नाही.

स्टडमध्ये दिसणारी पाने हीच सर्वांत मोठी माहिती असते. प्रत्येकाची चार पाने शेवटपर्यंत उघडी असतात, आणि टाकलेली पाने उचलली गेल्यावर फक्त स्मरणात राहतात. आपल्याला हवी असलेली किती पाने गेली, याची नोंद मनात ठेवावीच लागते. समोरच्याबद्दलही काही गोष्टी निश्चित सांगता येतात. ज्याच्या चार उघड्या पानांपैकी तीन निरुपयोगी आहेत, म्हणजे आठच्या वरची किंवा दुबार आहेत, त्याचा लो होणे अशक्य आहे. सातांतून तीन गेली की चारच उरतात. उलट ज्याच्यासमोर चार लहान पाने उघडी आहेत, त्याच्याकडे लो असेलच, स्ट्रेट नसेल, असे कोणी सांगू शकत नाही. भीती एकाच दिशेने चालते: लहान पानांचा मालक हायवाल्याला दोन्ही अर्ध्यांची धास्ती दाखवू शकतो, हायवाला त्याला एकाच अर्ध्याची.

आपला लो पक्का झाला आणि समोरच्याचा होणेच शक्य नसेल, तर अर्धा पॉट सुरक्षित असतो आणि उरलेल्या अर्ध्यासाठी फुकट प्रयत्न करता येतो. याला फ्रीरोल म्हणतात. इथे रेज करायला बिचकण्याचे कारण नाही. दोघेच असतील तर घातलेली प्रत्येक चाल किमान परत येते. तिसरा कोणी अडकला असेल तर प्रत्येक चालीवर नफाच होतो, कारण तीन चालींतली दीड आपल्याकडे येते. सर्वांत वाईट स्थिती या तिसऱ्याची: एकाकडे पक्का लो, दुसऱ्याकडे पक्का हाय, आणि दोघांच्या रेजमध्ये सापडलेला हा. दोन्ही बाजूंना दुसऱ्या क्रमांकावर असण्याएवढे महाग या खेळात दुसरे काही नाही.

एक पूर्ण डाव पाहिला की हे सगळे एकत्र दिसते. मर्यादा १००-२००, अँटे २०, ब्रिंग-इन ३०, खेळाडू सहा. अ कडे इस्पिकचा एक्का व चौका झाकलेले, चौकटची तिर्री उघडी. ब कडे बदामचा राजा व चौकटची राणी झाकलेली, किलवरचा राजा उघडा. क कडे किलवरचा सत्ता व बदामचा छक्का झाकलेले, बदामचा पंजा उघडा. उरलेल्या तिघांची उघडी पाने किलवरची दुर्री, इस्पिकचा गुलाम आणि चौकटचा नहिला. दुर्रीवाला ३० लावतो. गुलाम आणि नहिला पाने टाकतात. अ चाल १०० वर नेतो, ब २०० करतो, क कॉल करतो, दुर्रीवाला बाहेर पडतो, अ कॉल करतो. पॉट ७५०.

चौथ्या पानावर अ ला बदामचा अठ्ठा, ब ला इस्पिकचा दहिला आणि क ला चौकटचा गुलाम येतो. ब १०० लावतो, क आणि अ कॉल करतात. पॉट १,०५०. क चा कॉल इथे सैल आहे: त्याचे पान वाया गेले, अ चे चांगले आले, आणि त्याच्या स्ट्रेटला उपयोगी पडणारी एक तिर्री व एक अठ्ठा समोरच उघडे पडले आहेत.

पाचव्यावर अ ला किलवरचा पंजा मिळून ८-५-४-३-एक्का हा लो पूर्ण होतो आणि दुर्री आली तर व्हील. ब ला चौकटचा दहिला मिळून दोन जोड्या होतात. क ला बदामचा चौका मिळतो. लोही जवळ, स्ट्रेटही जवळ, आणि आता त्याला पाने टाकणे कठीण. ब २०० लावतो, क कॉल करतो, अ रेज करतो, दोघेही ती भरतात. पॉट २,२५०. सहाव्यावर अ ला चौकटची दुर्री येऊन व्हील पूर्ण होते. ब ला इस्पिकचा छक्का निरुपयोगी. क ला बदामची दुर्री मिळून ७-६-५-४-२ हा लो होतो आणि बदामची चार पाने जमतात. ब चेक करतो, म्हणजे काही न लावता पाळी पुढे देतो, क चाल लावतो, अ रेज करतो, दोघेही भरतात. पॉट ३,४५०. सातव्यावर कोणालाच उपयोगी पान येत नाही. ब आणि क चेक करतात, अ २०० लावतो, दोघे कॉल करतात. पॉट ४,०५०.

अ सगळा पॉट नेतो: व्हील हा लोमध्ये सर्वोत्तम आणि स्ट्रेट म्हणून दोन जोड्यांच्या वर. त्याने स्वतः १,३२० घातले, म्हणजे नफा २,७३०. ब ला शेवटी राजा किंवा दहिला येऊन फुल हाउस झाले असते, तर अ ला २,०२५ मिळाले असते आणि नफा ७०५ राहिला असता. क चा लो चांगला होता, पण अर्ध्यासाठीच होता, आणि तोही दुसरा आला. त्याच्या १,३२० पैकी फोर्थ स्ट्रीटचे १०० वाचले असते तर पुढचे १,००० आपोआप वाचले असते.

भारतात हा खेळ शिकताना कायद्याचे भान ठेवावे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, आणि संसदेने २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी आणली. गोव्यात परवानाधारक कॅसिनो आहेत. खेळ समजून घेण्यासाठी मात्र यांतले काहीच लागत नाही. बिनमोलाच्या चिप्स, एक जोड आणि चार-पाच माणसे पुरतात. सुरुवातीला प्रत्येक डावानंतर टाकलेल्यांचीही पाने उघडावीत आणि चौथ्या व पाचव्या पानावर कोणी काय करायला हवे होते, याची चर्चा करावी.

नव्या खेळाडूने तीन सवयी आधी लावून घ्याव्यात: दोन्हीकडे जाऊ शकणाऱ्या हातानेच सुरुवात करावी, चौथे पान बिघडले की निमूट बाहेर पडावे, आणि टाकलेली पाने लक्षात ठेवावीत. एवढे साधले की पॉटचा अर्धा भाग अधूनमधून मिळतच राहतो. पण खेळाडूला वर काढतात ते संपूर्ण जिंकलेले मोजके डावच.